पाणी गढूळ यायला लागले तेव्हा

(एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात, १५ सप्टेंबरला अभियंता दिनानिमित्त केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

तुमच्या रेक्टरबाईंनी मला बोलावले तेव्हा विषय सुचवला होता, 'नोकरी आणि घर यांचा मेळ'. मी त्यांना विचारले, हाच विषय मुलांच्या वसतिगृहात कधी ठेवलाय का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्हाला हवे ते बोला. म्हणून आज मी धरणांवर बोलणार आहे.

मी अभियंता नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केले आणि गेली बारा-तेरा वर्षे वस्त्यांमध्ये, गावांमध्ये बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे. धरणाचे गणित मला येत नाही, तिथे माझे काही चुकले तर तुम्ही मला थांबवा. पण धरणाच्या खालच्या अंगाला राहणारी माणसे माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. त्यांच्या वतीने तुमच्याशी बोलायचे आहे, कारण तुमच्यातल्या काहीजणी दोन-चार वर्षांत धरणाच्या कागदांवर सह्या करणार आहेत.

आज सकाळी तुमच्या कॉलेजात सर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला. कृष्णराजसागर त्यांचे, म्हैसूरचे दिवाणपद त्यांचे, हे सगळ्यांना माहीत असते. पण त्याआधी ते मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते आणि पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ साली त्यांनी कल्पिलेली, पाणी चढले की आपोआप उघडणारी दारे बसवली गेली होती. खडकवासला हे दगडी धरण, १८७९ साली पुरे झालेले. ब्याऐंशी वर्षे ते उभे होते. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले. वर आंबी नदीवर बांधले जाणारे पानशेतचे मातीचे धरण त्या दिवशी सकाळी गेले आणि तो सगळा लोंढा खडकवासल्यात येऊन पडला. इतके पाणी पोटात घ्यायला ते धरण कोणी बांधलेच नव्हते. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. शंभरीच्या घरात होते. ही बातमी त्यांना कोणी सांगितली असेल का, आणि सांगितली तर ते काय म्हणाले असतील, असे मला नेहमी वाटते.

माझी आजी तेव्हा तेवीस वर्षांची होती. नारायण पेठेत, नदीच्या अंगाला असलेल्या एका वाड्यात दोन खोल्यांचा संसार. माझी आत्या आठ महिन्यांची. बुधवार होता. आजोबा कामावर गेले होते. आजीने स्टोव्हवर भात टाकला होता. शेजारच्या काकू जिन्यातूनच ओरडल्या, "अगं, पाणी आलं, निघ!" आजीला वाटले नळाला पाणी आले. म्हणून ती आधी बादली घेऊन खाली गेली. हे सांगताना ती दर वेळी हसायची. खाली पाहिले तर माणसे पळत होती. ती परत वर आली, पोरीला उचलले, आणि निघताना स्टोव्ह बंद केला. रॉकेल वाया जाऊ नये म्हणून. घर पाण्याखाली जाणार होते आणि आपण काडीकाडी वाचवायच्या सवयीने स्टोव्ह बंद केला, याचे तिला म्हातारपणीही आश्चर्य वाटायचे. घराला कुलूपही लावले. कुलपाची किल्ली कितीतरी वर्षे तिच्याकडे होती. वाडा मात्र मातीच्या भिंतींचा, तो पाण्यात बसला.

पुढचे दिवस तिने जे सांगितले त्यात पुराचे पाणी फारसे यायचेच नाही. यायचा तो चिखल आणि पिण्याच्या पाण्याचे हाल. पुण्याला पाणी पाजणारे धरणच वाहून गेले होते. शहर पुरात बुडाले आणि दुसऱ्या दिवशी कोरडे पडले. जुने आड, विहिरी उपसाव्या लागल्या. ते पाणी कोणी वाहिले, हे तुम्हाला मी सांगायला नको. कडेवर आठ महिन्यांची पोर आणि डोक्यावर हंडा.

मी एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला असताना पानशेतवर काहीबाही वाचत होते आणि तिला वाचून दाखवत होते. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे त्यांना रात्रीच माहीत होतं?"

हा प्रश्न मला आजवर सुटलेला नाही. आजचे बोलणे त्याभोवतीच आहे.

पानशेतला काय झाले ते थोडक्यात सांगते. तुमच्यापैकी स्थापत्य शाखेच्या मुलींनी ते वाचले असेल, नसेल तर वाचायला हवे. धरण अजून पुरे झालेले नव्हते. तरी घाई करून १९६१ च्या पावसाळ्यातच त्यात पाणी साठू दिले. भरावाखालून पाणी बाहेर सोडायची जी मोरी असते, तिचे काम अर्धवट होते. दार वर-खाली करायची यंत्रणा पुरती बसलेली नव्हती. मोरीच्या काँक्रीटला लोखंडी सळयांचे बळ नव्हते. पाऊस थांबेना, आणि बारा दिवसांत धरणातले पाणी चोवीस मीटर चढले. अर्धवट मोरीतून ते पाणी धक्के देत, आदळत बाहेर पडत होते. त्या धक्क्यांनी मोरी खिळखिळी झाली आणि तिच्यावरचा मातीचा भराव खाली बसू लागला. अडीच तासांत माथा जवळजवळ दीड मीटर खचला. शेवटी माथा आणि पाणी यांत साठ सेंटिमीटरचे अंतर उरले. पायाला दोष नव्हता. सांडवाही लहान नव्हता. पाणी सोडायची वाट तयार नसताना पाणी अडवले, एवढाच त्याचा अर्थ.

११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान त्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. भर पावसात, अंधारात, पायाखालची माती खचत असताना. ही मोठ्या हिमतीची गोष्ट आहे. त्यांच्यामुळे धरण रात्री न फुटता सकाळी सातच्या सुमारास फुटले. झोपेत बुडाली असती अशी किती माणसे त्यामुळे जगली, त्याची मोजदाद नाही. त्यांत माझी आजी आणि आत्याही असतील. मृतांचा आकडा आजही एक सांगितला जात नाही, हजाराच्या आसपास असा अंदाज दिला जातो.

आता आजीचा प्रश्न घ्या. माथ्यावर पोती रचली जात होती याचा अर्थ, धरण जाऊ शकते हे धरणावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळले होते. खाली चाळीस किलोमीटरवर नदीकाठी एक अख्खे शहर झोपले होते. ते सकाळी नेहमीप्रमाणे उठले. दूधवाले आले, मुले शाळेत गेली, आजोबा कामाला गेले, आजीने भात टाकला. घराघरांत पोचेल अशी खबर त्या रात्री निघाली नाही. माझ्या आजीला खबर दिली ती शेजारच्या काकूंनी, आणि ती दिली तेव्हा पाणी आळीच्या तोंडाशी होते.

मोरीत सळया नसणे ही अभियांत्रिकीची चूक. पाणी आधी साठवायचा हट्ट ही कदाचित वरच्यांची चूक. पण खबर न देणे ही कसली चूक? त्याला गणित लागत नाही. यंत्रसामग्री लागत नाही. पोलाद लागत नाही. खालच्या माणसांना हे समजण्याचा हक्क आहे, एवढे मानावे लागते. ते मानले गेले नाही, कारण खबर दिली असती तर धरण पक्के नाही हे कबूल करावे लागले असते. शेवटच्या क्षणापर्यंत प्रत्येकाला वाटत असते की पाऊस थांबेल, पोती धरून ठेवतील, आणि सकाळी काही घडलेच नाही असे होईल. उगाच घबराट कशाला? 'घबराट' हा शब्द नीट ऐकत जा. बाईला खरे न सांगण्यासाठी घरातही हाच शब्द वापरतात. तिला कशाला सांगता, ती घाबरेल.

चौकशी झाली. आधी न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. ती पुरी होण्याआधीच त्यांचे निधन झाले. पुढचे काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले. निदान अहवाल झाला, असे म्हणायचे. गुजरातमध्ये ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू नदीवरचे दुसरे धरण फुटून मोरबी गाव धुऊन निघाले, तिथे तर सरकारनेच नेमलेला आयोग पुढे सरकारनेच अहवालाआधी गुंडाळला. किती माणसे गेली यावर तिथे आजही हजारांचा फरक आहे.

मला सरकारी कागद पुष्कळ वाचावे लागतात. त्यातली भाषा तुम्ही पाहिली आहे का? 'गळती निदर्शनास आली.' 'काम प्रगतीपथावर आहे.' 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे.' कोणाच्या निदर्शनास आली? कार्यवाही कोण करते आहे? मराठीत कर्ता लपवायची अशी छान सोय आहे, आणि आपल्या कार्यालयांनी तिचा पुरेपूर उपयोग केला आहे. मला वाटते, अभियंत्याच्या नीतीचा पहिला धडा व्याकरणाच्या तासाला द्यायला हवा. 'मी पाहिले. अमुक तारखेला पाहिले. मला हे धोक्याचे वाटते.' अशी तीन वाक्ये लिहायची सवय लागली तरी पुष्कळ झाले. तुम्हाला ती सोपी वाटतात. नोकरीत गेलात की कळेल, किती अवघड असतात.

आता थोडे लांब जाऊ. इटलीतल्या एका बाईची गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे, कारण तिचे नाव तुमच्या पुस्तकात असण्याची शक्यता कमी. टीना मेर्लिन. डोंगराळ भागातल्या गरीब घरातली, १९२६ सालचा जन्म. लहान वयात मिलान शहरात घरकामाला गेलेली. युद्धकाळात फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्यांचे निरोप पोचवायची. पुढे 'ल'उनिता' या कम्युनिस्ट वर्तमानपत्राची वार्ताहर झाली. त्या भागात वायोंत नावाच्या अरुंद दरीत एक वीज कंपनी जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक बांधत होती. वरच्या एर्तो गावातले शेतकरी सांगत होते की समोरचा तोक डोंगर सरकतोय. टीना मेर्लिनने त्यांचे म्हणणे १९५९ साली छापले. तिच्यावर खटला भरला गेला. आरोप काय, तर खोट्या बातम्या पसरवून लोकांत अशांतता माजवल्याचा. इथेही घबराटच! १९६० साली मिलानच्या कोर्टाने तिला निर्दोष सोडले. त्याच महिन्यात डोंगराचा एक तुकडा तलावात कोसळला होता आणि डोंगरावर सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग पडली होती.

त्यानंतर तीन वर्षे मिळाली. तज्ज्ञ आले, नमुने करून पाहिले गेले, पाणी चढवले-उतरवले गेले. एका भूगर्भशास्त्रज्ञाने तिथे जुनी, प्रचंड दरड आहे हेही शोधून काढले होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये तोक डोंगराच्या उतारावरची घरे रिकामी करायचा हुकूम निघाला. धरणाखालच्या लोंगारोने गावाला मात्र तसा हुकूम नव्हता. ९ ऑक्टोबरच्या रात्री सुमारे सव्वीस कोटी घनमीटर डोंगर तलावात आला. पाणी उसळून धरणाच्या डोक्यावरून खाली पडले आणि लोंगारोने नाहीसे झाले. सुमारे दोन हजार माणसे गेली. धरण मात्र जवळजवळ जसेच्या तसे उभे राहिले. आजही उभे आहे. स्थापत्याच्या दृष्टीने पाहिले तर भिंत पास झाली, असेच म्हणावे लागेल.

टीना मेर्लिनला शास्त्र येत नव्हते. ती गावातल्या माणसांच्या ओट्यावर बसून ऐकत होती. मोजमाप करणारी माणसे हुशार होती, पण ऐकणे त्यांच्या कामात धरलेले नव्हते. पुढे खटले झाले. आरोपींपैकी एका अभियंत्याने खटला उभा राहण्याआधी आत्महत्या केली. त्याच्याबद्दल मला राग येत नाही. भीती वाटते. त्याच्या जागी उद्या तुमच्यातली कोणी असू शकेल म्हणून.

तुम्ही म्हणाल, ही सगळी साठ वर्षांपूर्वीची धरणे. मग आपल्या कोकणातले, परवाचे घ्या. २ जुलै २०१९. चिपळूण तालुक्यातले तिवरे. रात्री लहानसे मातीचे धरण फुटले आणि खालच्या वाडीतली घरे माणसांसकट वाहून गेली. वीसच्या वर माणसे गेली. धरण गळते आहे अशा तक्रारी गावाने आधी केल्या होत्या. त्या वेळच्या जलसंधारणमंत्र्यांनी कारण सांगितले, खेकड्यांनी धरण पोखरले. लोकांनी खेकडे नेऊन निदर्शने केली, महाराष्ट्र चार दिवस हसला. मला तेव्हाही हसू आले नव्हते. खेकडे मातीत बिळे करतात यात नवल नाही. त्यासाठीच तर पाहणी करायची असते. खेकड्याला सही करता येत नाही, एवढाच त्याचा सरकारी उपयोग.

डिसेंबर २०२१ मध्ये देशात धरण सुरक्षा कायदा झाला. मोठ्या धरणांच्या मालकाने पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी केली पाहिजे, संकटकाळचा कृती आराखडा तयार ठेवला पाहिजे, असे त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. पण तो मुख्यतः पंधरा मीटर आणि त्याहून उंच धरणांसाठी आहे. दहा ते पंधरा मीटरची काही अटींवर येतात. खेड्यापाड्यांतले शेकडो पाझर तलाव त्यात बसत नाहीत. आणखी एक गोष्ट. डॉक्टरची नोंदणी काढून घेता येते, वकिलाची सनद जाऊ शकते. अभियंत्यांसाठी असा देशभराचा कायदा आपल्याकडे आलेला नाही. म्हणजे तुम्हाला वाईट कामासाठी व्यवसायातून काढणारे कोणी नाही, आणि चांगल्या कामासाठी, वरच्याला 'नाही' म्हणाल तेव्हा, तुमच्या पाठीशी उभे राहणारेही कोणी नाही. यातला दुसरा भाग मला जास्त घातक वाटतो.

पूर ओसरल्यावरचे एक सांगते, कारण ते माझ्या रोजच्या कामातले आहे. आजीचे एक शिवणयंत्र होते. लग्नाआधी स्वतः ब्लाउज शिवून, पैसे साठवून घेतलेले. ते पुरात गेले. नुकसानीच्या कागदावर ते आजोबांच्या नावाने लिहिले गेले, कारण कागदावर एकच रकाना होता, कुटुंबप्रमुखाचा. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभारल्या गेल्या. आजीला नवी जागा मिळाली, तीही त्याच रकान्यात. अलीकडच्या पुरांनंतर मी स्वतः पंचनाम्यांना बायकांबरोबर बसले आहे. रकाना अजून तोच आहे. नवऱ्याने टाकलेली, पाच वर्षे एकटी घर चालवणारी बाई सांगत होती, साहेब, घर माझं पडलंय. साहेब विचारत होते, मालक कुठाय?

तुम्ही म्हणाल, याचा अभियांत्रिकीशी काय संबंध? माझ्या मते आहे. पूर येण्याआधी खबर ज्यांना पोचत नाही आणि पूर गेल्यावर ज्यांचे नाव लिहिले जात नाही, ती बहुतेक वेळा एकच माणसे असतात. नकाशावर तुम्ही 'खालचे बाधित क्षेत्र' म्हणून जी रेघ काढता, तिच्या आत त्यांची धुणी, त्यांच्या शेळ्या, त्यांची परसातली वांगी असतात.

आता शेवटची गोष्ट, माझ्या कामातली. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्यात एका मुलीची नोकरी आहे.

डोंगराच्या कुशीत मातीचा जुना तलाव. खाली दीडशे-पावणेदोनशे घरे. आमची बचत गटाची बैठक त्या तलावाच्या खालच्या ओढ्याशेजारच्या देवळात असायची. तीन वर्षांपूर्वी, जूनच्या शेवटाला, हप्त्यांचा हिशोब चालू असताना एक मावशी म्हणाल्या, "ताई, धुण्याच्या दगडाशी पाणी आता निवळ येत न्हाई." मी विचारले, म्हणजे? "बांधातनं झिरपतंय ते कायम झिरपायचंच. पर काचेगत यायचं. आता चहागत येतंय."

मी काही विशेष मनावर घेतले नाही, हे आधी कबूल करते. पावसाळ्यात पाणी गढूळ असायचेच, असे मी म्हटले. मावशी म्हणाल्या, "ओढ्याचं असतं. झऱ्याचं न्हाई." पंचवीस वर्षे त्या रोज त्या दगडावर धुणे धूत होत्या.

माझ्या ओळखीची एक मुलगी तेव्हा त्या भागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागली होती. तुमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी तिला फोनवर हे सहज म्हणून सांगितले. ती दोन मिनिटे काही बोललीच नाही. मग तिने मला समजावले, जे तुम्हाला माहीत असेल. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपणे नेहमीचे असते. स्वच्छ झिरपत असेल तर काळजी कमी. ते गढूळ झाले म्हणजे पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन निघाले आहे, आतून वाट कोरते आहे.

दुसऱ्या दिवशी ती आली. मावशींनी तिला जागा दाखवली. तिने पाहिले, फोटो काढले, कचेरीत जाऊन टिपण लिहिले. वरिष्ठांनी ते वाचले आणि तिला सांगितले, 'नियमित गळती' असे लिही. त्यांचा तर्कही अगदीच वेडा नव्हता. दुरुस्तीला त्या वर्षी पैसे नव्हते. तलाव उतरवला तर उन्हाळ्यात तीन गावांचे पाणी जाणार आणि ती गावे यांच्या दारात येणार. शिवाय एका धुणेवाल्या बाईच्या सांगण्यावरून तलाव रिकामा केला, हे वर कसे कळवायचे? त्यांनी हसत विचारले म्हणे, "मॅडम, ही निरीक्षणाची कुठली पद्धत?"

त्या रात्री तिचा मला फोन आला. ताई, काय करू? प्रोबेशन संपायला चार महिने होते. घरी वडिलांचे आजारपण. मी तिला काय सांगणार? लढ म्हणून सांगणे मला सोपे होते, पगार माझा जाणार नव्हता. मी एवढेच म्हटले की शब्द बदलायचा की नाही ते तू ठरव, पण गावाला जे कळायला हवे ते आपण कळवू, त्यात तुझे नाव येणार नाही.

मावशींनी मग आपली पद्धत काढली. रोज सकाळी त्या झऱ्याचे पाणी रिकाम्या औषधाच्या बाटलीत भरायचे, बूच लावायचे, देवळाच्या कट्ट्यावर ठेवायचे. संध्याकाळपर्यंत तळाशी किती गाळ बसतो ते सगळ्यांनी बघायचे. गटातल्या नववीतल्या एका पोरीने बाटल्यांवर तारखा चिकटवल्या. पाचव्या दिवशी गाळ बोटभर झाला. त्या दिवशी गावातल्या चाळीस-पन्नास बायका बाटल्या घेऊन कचेरीत गेल्या आणि त्या त्यांनी साहेबांच्या टेबलावर ओळीने मांडल्या. काही बोलल्या नाहीत. ग्रामसभेचा ठराव सोबत होता. खालच्या पंचवीस घरांनी त्या दिवसापासून रात्री शाळेत झोपायला सुरुवात केली, कोणाच्या हुकुमाशिवाय.

आणि त्या मुलीने शब्द बदलला नाही. 'मी स्वतः पाहिले' असे लिहून तिने टिपण तसेच वर पाठवले, तारीख घालून, आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवली. तलाव अर्ध्यावर उतरवला गेला. सांडव्याच्या कडेला चर खणून पाणी काढून दिले. बांध फुटला नाही. त्यामुळे तो फुटला असता की नाही, हे आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही. त्या उन्हाळ्यात तीन गावांना टँकर लागला, आणि टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांनी आमच्या गटाला शिव्या घातल्या. त्या मी ऐकल्या आहेत. प्रोबेशन संपल्यावर त्या मुलीला एका टेबलावर बसवले गेले, अजून ती तिथेच आहे. साइटवर पाठवत नाहीत. मागच्या महिन्यात मी तिला विचारले, पस्तावलीस का? ती म्हणाली, कधीकधी. पावसाळ्यात नाही.

बांधाची दुरुस्ती पुढच्या वर्षी झाली. कशी झाली, ते मला सांगता येणार नाही. मावशी अजून महिन्यातून एकदा बाटली भरतात.

त्यांतल्या तीन बाटल्या मी आज घेऊन आले आहे. पहिल्यावर २८ जूनची तारीख आहे, दुसरीवर ३ जुलैची, तिसरी गेल्या आठवड्यातली आहे. इथून मागपर्यंत फिरवा. हलवू नका, नाहीतर गाळ वर येईल. उजेडाकडे धरून बघा, आणि तिसरीतले पाणी तुम्हाला कसे वाटते ते मला सांगा. मावशींनी विचारायला सांगितले आहे.